पोट का फुगते?

इंदूरच्या मराठी घरांनी माळव्याची खाद्यसंस्कृती किती सहजपणे आपलीशी केली आहे! सकाळी पोह्यांवर मूठभर शेव, पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस, सुटीच्या दिवशी तुपात बुडविलेले दालबाफले आणि पाहुणे आले की रात्री उशिरा सराफ्यात फेरी. या पदार्थांना नावे ठेवण्याचा येथे हेतू नाही. परंतु त्यांच्या मागोमाग ‘पोट डब्ब झाले’ ही तक्रारही घरोघरी ऐकू येते आणि उपाय म्हणून सोडावॉटरची बाटली फोडली जाते. ती तर पोटात आणखी वायूच भरते!

पोटात वायू शिरतो तो मुख्यतः दोन वाटांनी. घाईघाईने, बोलत बोलत जेवताना घासाबरोबर हवा गिळली जाते, ही पहिली वाट. दुसरी आतड्यातली. तूरडाळ, हरभरे, छोले, राजमा यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा काही शर्करा असतात. त्या पचविणारा पाचकरस मानवी लहान आतड्यात नसतोच; त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात आणि तेथील जीवाणू त्या आंबवून वायू निर्माण करतात. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी ओतून देण्याची, मोड आणण्याची आपली जुनी रीत म्हणूनच गुणकारी आहे. तिने या शर्करा बऱ्याच कमी होतात. ‘सत्त्व वाया जाईल’ म्हणून तेच पाणी उसळीत घालणाऱ्या काटकसरी गृहिणींनी, निदान अशी तक्रार असलेल्या घरात, तो मोह आवरावा. हिंग-ओव्याने पुष्कळांना बरे वाटते. पण भिजवण्याचे काम हिंग करू शकत नाही.

मोठेपणी अनेकांची दूध पचविण्याची शक्ती मंदावते. रात्री पेलाभर दूध घेऊन ज्यांचे पोट गुरगुरते, त्यांनी दोन आठवडे ते बंद ठेवून दुपारी ताक घेऊन पाहावे.

सर्वांत दुर्लक्षित पोट असते ते घरच्या बाईचे. सर्वांना वाढून झाल्यावर दुपारी अडीच वाजता, ओट्याशी उभ्या उभ्या उरलेले चार घास. दिवसभर पाण्याची आठवण नाही. त्यातून मलावरोध आणि मग पोटफुगी. येथे चूर्णाची डबी काय करणार? तिने सर्वांच्या पंक्तीला बसावे, सावकाश जेवावे. रात्रीचे जेवण निजण्याच्या दोन-तीन तास आधी उरकावे, नंतर 10-15 मिनिटे शतपावली घालावी. भाज्या-कोशिंबिरी वाढवायच्या त्या हळूहळू, आणि पाणीही वाढवून.

मात्र पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली, आठवडेच्या आठवडे टिकणारी पोटफुगी, दोन घासांत पोट भरणे, वजन उतरणे, शौचावाटे रक्त जाणे, याला ‘गॅस’ म्हणून थांबू नये. स्त्रियांत हे अंडाशयाच्या कर्करोगाचेही लक्षण असू शकते. डॉक्टरांना दाखवून सोनोग्राफी करावी लागेल का, ते विचारावे. आणि छातीत वा पोटाच्या वरच्या भागात एकाएकी दाब येऊन घाम सुटला, धाप लागली, तर हृदयविकाराची शंका घेऊन तत्क्षणी रुग्णालय गाठावे. सोडा पाजून वाट पाहत बसू नये.