शिर्डीचा पत्ता उजवीकडून वाचा

साईबाबांच्या शिर्डीला टपालाने काही पाठवायचे तर पाकिटावर ४२३१०९ हा पिन घालावा लागतो. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी-नाटककार. पिनमधला पहिला ४ महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचा. पहिले तीन आकडे मिळून टपालाची छाननी कुठे व्हायची ते ठरते आणि शेवटच्या तीन आकड्यांनी नेमके पोस्ट कळते. २०२४ मध्ये शिर्डीच्या जिल्ह्याचे, अहमदनगरचे, अहिल्यानगर झाले, तरी त्या शहराचा ४१४००१ हा पिन जागचा हलला नाही.

नाव वेगळे, आकडा वेगळा, याच समजुतीवर इंटरनेटची मांडणी उभी आहे. जोडलेल्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. जुन्या चौथ्या आवृत्तीत असे पत्ते जेमतेम ४३० कोटी निघतात. ते पुरेनात म्हणून सहावी आवृत्ती आली. आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून वर नाव. सुरुवातीला अमेरिकेतल्या अर्पानेट या इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यावर नाव-आकड्यांची एकच यादी होती. स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळायचा आणि बाकीचे तिची नक्कल उतरवून घ्यायचे. यंत्रे वाढली तसे हे जमेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी तोड काढली: एकच मोठी वही ठेवायची नाही, ज्याने-त्याने आपल्या हद्दीपुरती वही ठेवायची. हीच डीएनएस, म्हणजे डोमेन नेम सिस्टिम.

उदाहरणार्थ, शिर्डीच्या साईबाबा संस्थानच्या ऑनलाइन सेवांचा पत्ता घ्या: ऑनलाइन डॉट साई डॉट ऑर्ग डॉट इन. पिन डावीकडून मोठ्याकडून लहानाकडे जातो. हा मात्र उजवीकडून वाचायचा. फोन आधी आपल्या इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरला विचारतो. त्याला ठाऊक नसेल तर तो मूळ सर्व्हरकडे जातो. त्यांची नावे ‘ए’ ते ‘एम’ अशी तेरा आहेत. ते शिर्डीबद्दल काही सांगत नाहीत, ‘इन’ची वही कुणाकडे एवढेच सांगतात. ‘इन’वाले साई डॉट ऑर्ग डॉट इनची वही कुठे ते दाखवतात आणि तिथे शेवटी आकडा मिळतो. हे सगळे डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात उरकते. मिळालेले उत्तर काही काळ जपून ठेवले जाते, म्हणून एखादी साइट नव्या सर्व्हरवर हलली की कुणाला नवी दिसते, कुणाला जुनीच. आकडा मिळाला की टीसीपी या नियमाने माहितीचे तुकडे क्रमाने पोचतात आणि एचटीटीपी या नियमाने पान मागितले जाते.

‘इन’ची वही पूर्वी मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या संस्थेकडे होती. १९८९ पासून ती त्यांनी सांभाळली, पण नियम इतके कडक की नावे फार थोडी नोंदली गेली. २००५ मध्ये निक्सी या संस्थेने दार उघडले आणि ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम’ सुरू झाले. २०१४ मध्ये देवनागरीतले ‘डॉट भारत’ही आले, मराठीला त्यात जागा असूनही पाट्यांवर ते क्वचितच दिसते, ही खेदाची गोष्ट.

खरी मेख शेवटांमध्ये आहे. ‘गव्ह डॉट इन’ आणि ‘एनआयसी डॉट इन’ सरकारसाठी राखीव आहेत. अहमदनगर जिल्ह्याच्या साइटचे जुने नाव एनआयसी डॉट इनखालचे. जिल्ह्याचे नाव बदलले, तरी ते दुसऱ्या कुणाला उचलता येणार नाही. ‘ऑर्ग डॉट इन’चे तसे नाही, ते कुणीही विकत घेऊ शकतो. म्हणजे शिर्डीच्या पत्त्यातला भरवशाचा भाग ‘ऑर्ग’ नव्हे, त्याला चिकटलेले ‘साई’ आहे. भामटा ‘साई डॉट ऑर्ग डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम’ असा पत्ता करतो. डावीकडून वाचणाऱ्याला तो संस्थानचाच वाटतो. उजवीकडून वाचले की मालक अमुकतमुक निघतो. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या खुणेचाही उपयोग नाही. आपले बोलणे वाटेत कुणी वाचत नाही एवढेच ते कुलूप सांगते, समोरचा प्रामाणिक आहे असे नाही. भामट्यालाही ते फुकट मिळते.

बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने हा प्रश्न सोडवायला घेतला. ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सर्व बँकांनी ‘बँक डॉट इन’वर यावे, असा आदेश निघाला आणि ते नाव बँकेशिवाय कुणाला मिळत नाही. खोली, दर्शन आणि देणगीचे पैसे ऑनलाइन घेणाऱ्या मोठ्या देवस्थानांनाही असेच राखीव शेपूट मिळायला हवे, असे माझे मत आहे. ते मिळेपर्यंत शिर्डीची खोली घेताना पैसे भरण्याआधी पत्त्यातली पहिली एकेरी तिरपी रेघ शोधा आणि तिच्या डावीकडचे शेवटचे तीन शब्द ‘साई डॉट ऑर्ग डॉट इन’ हेच आहेत ना, ते पाहा.