ग्वाल्हेर ते बेळगाव : विमानाचे अंतर आणि आपला प्रवास

आपल्या मंडळातील काही घरांची सोयरीक बेळगावकडची आहे. गेल्या वर्षी तिकडच्या एका लग्नात मुलीला बोहल्यावर आणायला तिचे मामाच वेळेवर पोहोचले नाहीत. "विमानाने दोन तास" असे इंटरनेटवर वाचून ते मुहूर्ताच्याच दिवशी सकाळी येथून निघाले होते. तो आकडा चुकीचा नव्हता, पण त्याचा अर्थ वेगळा होता. तो समजून घेऊ.

ग्वाल्हेरचा विमानतळ महाराजपुऱ्याला, बेळगावचा सांबऱ्याला. दोन्हींचे अक्षांश-रेखांश घेऊन पृथ्वीच्या गोलाईवरून सरळ अंतर काढले तर ते सुमारे 1,215 किलोमीटर भरते. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण 111 किलोमीटर. ग्वाल्हेर बेळगावच्या उत्तरेला जवळजवळ साडेदहा अंश आहे, यावरून अंदाज येईल. जेट विमानाचा वेग ताशी 780 किलोमीटर धरला तर दीड तास होतो. चढण्या-उतरण्यासाठी आणखी अर्धा तास धरला की दोन तास. पंख्याच्या लहान विमानाचा वेग ताशी 500 च्या आसपास असतो, त्याला तीन तासांच्या जवळपास लागतील.

म्हणजे हे दोन तास थेट उडणाऱ्या विमानाचे. थेट सेवा नसेल तर विमान बदलावे लागते, आणि मग वाट वाकडी होते. दिल्लीमार्गे गेल्यास आधी उलट उत्तरेला जावे लागते. हवाई अंतर 1,700 किलोमीटर होते. बंगळूरमार्गे बेळगाव मागे टाकून पुन्हा वर यावे लागते. ते सुमारे 1,900 किलोमीटर.

दिल्लीमार्गे घरापासून घरापर्यंतचा हिशोब असा :

- घर ते महाराजपुरा : पाऊण तास
- उड्डाणाआधी विमानतळावर : दोन तास
- ग्वाल्हेर-दिल्ली : एक तास
- दिल्लीत थांबा : तीन तास
- दिल्ली-बेळगाव : अडीच तास
- सामान घेऊन सांबऱ्याहून गावात : एक तास

एकूण सव्वादहा तास, तेही सगळे वेळेवर झाले तर. हिवाळ्यात आपल्याकडच्या आणि दिल्लीच्या धुक्याने विमाने तासन्‌तास रखडतात, आणि लग्नसराई नेमकी तेव्हाच असते.

तिकीट काढताना एवढे पाहावे. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असावेत. वेगवेगळी तिकिटे काढली आणि पहिले विमान उशिरा आले, तर दुसऱ्याचे पैसे सहसा बुडतात. दिल्लीत टर्मिनल बदलते का, तेही तपासावे. मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर वेळापत्रके बदलतात, म्हणून मागच्या वर्षीच्या वेळेवर विसंबू नये. बेळगावचे विमान जुळत नसेल तर हुबळीला उतरून सुमारे 100 किलोमीटर मोटारीने जाता येते.

आणि गोवा एक्सप्रेस आहेच. ग्वाल्हेरला बसले की भोपाळ, भुसावळ, पुणे, मिरज करत गाडी न बदलता बेळगाव. एका दिवसाहून जास्त वेळ लागतो, पण गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना दोनदा विमान चढण्या-उतरण्यापेक्षा ती सोयीची पडते.

मुहूर्त सकाळचा असो वा गोरज, विमानाने जाणाऱ्यांनी आदल्या दिवशी बेळगावात मुक्कामाला पोहोचावे. मामांनी तर नक्कीच!