घुबडांच्या दवाखान्यात

पनवेलसारख्या गावात वैद्यकी करताना काही तक्रारी अशा ऐकाव्या लागतात, की ज्या पाठ्यपुस्तकात सापडत नाहीत. झोप लागत नाही, छातीत धडधडते, भूक मेली आहे, एवढे सांगून झाल्यावर वयस्कर रुग्ण दारापर्यंत जातो, थबकतो आणि हलक्या आवाजात म्हणतो, "आणि डॉक्टर, चार दिवस झाले, घराजवळ घुबड ओरडतंय." पुष्कळदा खरी तक्रार हीच असते.

घुबड पनवेलला नवे नाही. जुन्या वाड्यांचे माळे, आंब्याच्या ढोली, गाढी नदीचा काठ, भातखाचरे आणि मुंबई-गोवा महामार्गावरचे कर्नाळ्याचे अभयारण्य, ही सारी त्याचीच वस्ती. वाडे पडले, खाचरांच्या जागी इमारती आल्या. पक्षी मात्र गेला नाही. त्याने सज्जे, पाण्याच्या टाक्यांखालचे कोनाडे आणि इमारतींच्या डक्ट आपल्याशा केल्या. त्यामुळे माणसाची आणि त्याची गाठ पूर्वीपेक्षा अधिक जवळून पडू लागली आहे.

घुबडाला दगड मारला तर ते तो उचलून नेते, वाहत्या पाण्यात घासत बसते आणि दगड झिजेल तसा मारणारा माणूस झिजत जातो, ही समजूत माझ्या पिढीनेही लहानपणी ऐकली आहे. क्षयाने, मधुमेहाने किंवा पोटातल्या गाठीने माणूस दिवसेंदिवस रोडावत जाई आणि कारण कोणालाच कळत नसे, अशा काळात ती जन्मली असावी. घुबड ओरडले की घरातले माणूस जाते, या समजुतीचा उलगडा मी असा करतो : ज्या घरात कोणी अंथरुणाला खिळलेले असते त्या घरात रात्रभर दिवा जळतो. दिव्यावर किडे जमतात आणि किड्यांमागे पाली व पिंगळे येतात. उशाशी जागणाऱ्याला एरवी झोपेत न ऐकू येणारा आवाज ऐकू येतो. रुग्ण दगावला तर तो आवाज घराच्या आठवणीत राहतो. बरा झाला तर विसरला जातो. गंमत अशी, की त्याच कुळातल्या पिंगळ्याची भाषा जाणणारा म्हणून जो पिंगळा जोशी पहाटे कंदील आणि कुडमुडे घेऊन दारी येई, त्याला आपण सुपातून धान्य घालीत होतो.

गेल्या संक्रांतीनंतर या भागातल्या एका प्राणिमित्र गटाने मला बोलावले. वन विभागाच्या परवानगीने जखमी वन्यजीवांवर उपचार करण्यात ही तरुण मंडळी पशुवैद्यकांना मदत करतात. स्वयंसेवकांना धनुर्वात आणि रेबीजच्या लसींविषयी चार गोष्टी सांगाव्यात, एवढेच माझे काम. ते संपल्यावर पशुवैद्यक म्हणाले, "आलाच आहात तर आमचे रुग्ण पाहा. पण बोलायचे नाही." एरवी तिथे पाहुण्यांना मज्जाव असतो आणि तो योग्यच आहे. परदेशात काही ठिकाणी पाळीव घुबड हातावर घेऊन लोक छायाचित्र काढून घेतात. जपानात तर घुबडांचे कॅफे निघाले. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सर्व घुबडांना संरक्षण आहे आणि त्यांना घरी बाळगणे हा गुन्हा आहे, उपचाराच्या हेतूने ठेवले तरी.

अर्धवट अंधाराच्या त्या खोलीत दोन रुग्ण होते. एक गव्हाणी घुबड, मांजाने उजवा पंख कापला गेलेले. दुसरा पिंगळा, दिवसा ढोलीबाहेर सापडल्यामुळे कावळ्यांनी टोचून बेजार केलेला. पिंगळा एखाद्या हापूस आंब्याहूनही हलका असेल, पण पिवळे डोळे वटारून तो खाली-वर होत माझा अंदाज घेऊ लागला. गव्हाणीचा चेहरा बदामाच्या आकाराचा, दुधाळ पांढरा, मध्ये काळेभोर डोळे. तिने डोके झुकवले, अंग डोलवले आणि चोचीने टक्‌टक् असा आवाज केला. तो राग नव्हे, भीती, असे मला नंतर सांगण्यात आले. चाळीस वर्षांच्या आसपास माणसांच्या तोंडाकडे पाहून मी निदान करीत आलो आहे, पण या तोंडावरून मला काहीच वाचता आले नाही.

शरीर मात्र वाचता आले. घुबडाचे डोळे गोल बुबुळासारखे फिरत नाहीत. ते नळीच्या आकाराचे असून हाडाच्या कड्यात पक्के बसवलेले असतात. म्हणून बाजूला पाहायचे तर त्याला सगळी मानच वळवावी लागते आणि ती दोन्ही बाजूंना सुमारे २७० अंशांपर्यंत, म्हणजे पाऊण वर्तुळ वळते. आपल्या मानेत ७ मणके, त्याच्या मानेत १४. प्रश्न मणक्यांपेक्षा रक्तवाहिन्यांचा आहे. मेंदूकडे जाणाऱ्या आपल्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतील अरुंद छिद्रांतून वर चढतात. मान झटक्याने पिळली तर त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते, तिथे गुठळी होते आणि पक्षाघात येऊ शकतो. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले, की घुबडाच्या मणक्यांतील ही छिद्रे धमनीच्या जवळजवळ दहापट रुंद असतात. शिवाय डोक्याच्या तळाशी रक्तवाहिन्या फुगून रक्ताचा साठा करू शकतात, त्यामुळे मान वळलेली असतानाही मेंदूचा पुरवठा तुटत नाही.

निसर्गाने ही सोय आपल्याला दिलेली नाही. केशकर्तनालयात मालिश संपवताना हनुवटी धरून कडकन मान मोडून घेण्याची सवय ज्यांना आहे, त्यांनी ती आजच सोडावी. साठीनंतर तर निश्चितच. मानेचे मणके झिजलेल्या किती तरी रुग्णांना मी हे सांगतो आणि "बरं वाटतं हो डॉक्टर" एवढेच उत्तर मिळते.

कानांची गोष्ट याहून विलक्षण आहे. गव्हाणी घुबडाचा सपाट चेहरा हाच मुळी आवाज गोळा करणारा पन्हाळा आहे. त्याचा एक कान दुसऱ्यापेक्षा वर असतो. दोन कानांत पडणाऱ्या आवाजातील सूक्ष्म फरकावरून उंदीर नेमका कुठे, किती खाली आहे हे मेंदू ठरवतो, आणि गडद अंधारातही झडप चुकत नाही. आणि हे कान म्हातारे होत नाहीत. जर्मनीतील ओल्डेनबुर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तरुण आणि वृद्ध गव्हाणी घुबडांच्या ऐकण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. त्यांत २३ वर्षांचे एक घुबडही होते. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या केसासारख्या पेशी असतात. पक्ष्यांमध्ये त्या नष्ट झाल्या तरी पुन्हा उगवतात. माणसात एकदा गेल्या की गेल्या.

म्हणूनच वृद्धपणीच्या बहिरेपणाला श्रवणयंत्राशिवाय सहसा दुसरा उपाय राहत नाही आणि ते कपाटात ठेवून ऐकू येत नसते. दोन्ही कानांनी कमी ऐकू येत असेल तर तज्ज्ञांच्या सल्ल्याने दोन्हीकडे यंत्र लावणे बरे. एकाच कानाने आवाज ऐकू येतो, पण तो कोणत्या बाजूने आला हे नीट कळत नाही, आणि रस्ता ओलांडताना नेमके तेच कळावे लागते.

मला सर्वांत अधिक शिकवून गेली ती तिथली शुश्रूषा. त्या खोलीत कोणी मोठ्याने बोलत नव्हते. पिंजऱ्यावर कापड होते. दिवसातून ठरलेल्या वेळी एकच माणूस आत जाई, औषध आणि खाद्य देई आणि मागे न बघता बाहेर येई. एका विद्यार्थिनीने पिंगळ्याला लाडाचे नाव ठेवले होते, तेव्हा पशुवैद्यकांनी ते वापरू दिले नाही. लहान पिल्लू माणसाच्या हातून वाढले तर ते माणसालाच आपले समजू लागते आणि मग त्याला रानात सोडता येत नाही. आपल्या घरांत आजारी माणसाभोवती याच्या उलट सर्व चालते : ट्यूबलाइट लख्ख, दूरदर्शन संच चालू, भेटायला येणाऱ्यांची रीघ, आणि रुग्ण स्वतः पेला उचलू शकत असला तरी आपण तो तोंडाला लावतो. जो सेवा करतो त्याचे प्रेम खोटे नसते. पण रुग्णाला आपली गरज दिवसेंदिवस कमी लागावी, हे शुश्रूषेचे माप मी त्या खोलीइतके स्पष्ट कुठे पाहिले नव्हते.

सारेच रुग्ण बरे होत नाहीत. आधी तिथे आणलेले एक घुबड बाहेर कोणतीही जखम नसताना रक्तस्रावाने गेले होते. विष खाल्लेला उंदीर त्याने खाल्ला असावा, असा पशुवैद्यकांचा कयास होता. उंदीर मारण्याच्या ब्रोमाडायोलोनसारख्या औषधांनी रक्त गोठण्याची क्रिया बंद पडते. हृदयाची कृत्रिम झडप असलेले आपले कित्येक वाचक ज्या वॉरफरिन किंवा असिट्रोमच्या गोळ्या घेतात, त्या याच जातीच्या. फरक मात्रेचा आणि देखरेखीचा. उंदीर लगेच मरत नाही, सुस्तावतो, सहज पकडला जातो, आणि विष पुढच्याच्या पोटात जाते. पावसाळ्यात रायगडात आणि मुंबईत लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण आले की आपल्याला उंदीर आठवतात. घुबडे असली म्हणजे लेप्टो होणार नाही, असे मी म्हणणार नाही. परंतु इस्रायलमधील शेतकऱ्यांनी १९८० च्या दशकापासून शेतात पेट्या बसवून गव्हाणी घुबडांना मुद्दाम वसवले ते विषाचा वापर कमी व्हावा म्हणूनच. घरात सापळा लावणे आणि कचरा झाकणे हे आपल्याला जमण्यासारखे आहे.

पाखरांच्या दवाखान्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकातले. दर संक्रांतीला मांजाने कापलेले पक्षी तिथे येतात. पुण्यात बावधनला रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट वन विभागाबरोबर वन्यजीवांसाठी उपचार केंद्र चालवते. पुरंदर तालुक्यातील पिंगोरीला इला फाउंडेशनने २०१८ मध्ये घुबड महोत्सव भरवला आणि पुढच्याच वर्षी पुण्यात जागतिक घुबड परिषद झाली. त्यामागचे डॉ. सतीश पांडे हे आमच्याच व्यवसायातले, क्ष-किरणतज्ज्ञ. याचा मला उगीचच अभिमान वाटतो. आणि हे काम किती निकडीचे आहे ते कळायचे असेल तर 'ट्रॅफिक' या संस्थेचा २०१० चा अहवाल आठवावा. एकीकडे लक्ष्मीचे वाहन म्हणायचे आणि दुसरीकडे दिवाळीच्या सुमारास तांत्रिकांसाठी घुबडे पकडून विकायची, असा हा व्यापार त्यात नोंदलेला आहे.

गॅलरीत किंवा अंगणात घुबड पडलेले दिसले तर काय करावे? ज्येष्ठांनी स्वतः उचलू नये. नख्या कातडीत खोल रुततात आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर साधी जखमही वाहत राहते. घरातल्या तरुणाने जाड टॉवेल वरून टाकून, पंख अंगाशी मिटवून त्याला भोके पाडलेल्या खोक्यात ठेवावे आणि खोके अंधाऱ्या, शांत जागी न्यावे. चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. दूध-पाव तर नकोच. मग वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. नखी लागलीच तर साबणाने भरपूर धुवून धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. पक्ष्यांपासून रेबीज होत नाही. जमिनीवर पिल्लू दिसले आणि ते धडधाकट असेल, तर आई-बाप जवळच असतात. आधी फोन करावा आणि मगच हात लावावा.

माझ्या एका ८१ वर्षांच्या रुग्ण आजी जुन्या पनवेलात तिसऱ्या मजल्यावर राहतात. शयनगृहाशेजारच्या डक्टमधून रात्री फुत्कार येत. आधी साप म्हणून, मग घुबड म्हणून त्या घाबरल्या. जेवण तुटले, वजन तीन किलो उतरले, झोपेच्या गोळीचा आग्रह सुरू झाला. सुनेने कबुतरांची जाळी बसवणाऱ्याला बोलावून ठेवले होते. जाळी बसली असती तर पिल्ले आत आणि आई-बाप बाहेर राहिले असते. प्राणिमित्र गटातली एक मुलगी घरी आली, तिने मोबाइलवर डक्टमधील चित्र दाखवले : कापसाच्या बोळ्यांसारखी चार पिल्ले, भूक लागली की फुत्कारणारी. आजी बराच वेळ पाहत राहिल्या. "चार म्हणजे बाळंतिणीचे हाल हो," एवढेच म्हणाल्या.

गोळी मी दिली नाही. रक्ताच्या तपासण्या केल्या, थायरॉइड पाहिले, कारण भीतीच्या आड दुसरा आजारही लपू शकतो. त्या सर्व ठीक निघाल्या. सोसायटीच्या सेक्रेटरींनी जाळीचे काम दोन महिने पुढे ढकलले. एप्रिलमध्ये लागायची ती जाळी जूनमध्ये, पिल्ले उडून गेल्यावर, पहिल्या पावसाच्या आधी लागली. आजींचे वजन त्या वेळी दीड किलोने वाढले होते.