केळझर : आख्यायिका आणि अवशेष

नागपूर-वर्धा मार्गावर, सेलू तालुक्यात, टेकड्यांच्या कुशीत केळझर वसले आहे. टेकडीवरील सिद्धिविनायक हा विदर्भातील अष्टविनायकांपैकी एक. चतुर्थीस येथे भाविकांची रीघ लागते. महाभारतातील एकचक्रानगरी ती हीच व भीमाने बकासुराचा वध केला तो येथेच, अशी लोकांची श्रद्धा आहे. बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातील एकचक्रा गावही हाच मान सांगते. मग आख्यायिका टाकाऊ ठरते काय? मुळीच नाही. आपले गाव किती प्राचीन, याविषयी लोकमानसाला काय वाटत आले, हे ती सांगते. परंतु पुरावा शोधावा लागतो तो टेकडीवरील जुन्या किल्ल्याच्या अवशेषांत. अवशेषांतला दगड जागचा हलला की त्याची साक्ष अर्धी बुडते. येथून जवळच बोरचे सागवनी अरण्य आहे. ते 1970 साली अभयारण्य व 2014 साली व्याघ्रप्रकल्प झाले, म्हणून त्याला कायद्याचे कवच लाभले. गावातील जुन्या दगडांना मात्र पहिले कवच आपल्या जाणतेपणाचेच. तेव्हा केळझरला जाणाऱ्या विद्यार्थ्याने दर्शन जरूर घ्यावे, कथा आवडीने ऐकावी. पण अवशेष जागच्या जागी पाहून त्यांची नोंदही करावी.