शेतातला नांगर, पाण्यातला नांगर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजचा भाग. मी बारामतीचा. बीटेक केलं, कोड लिहितो, पण आजोबांसारखा नांगर काही धरता आला नाही. आज बोलायचंय मात्र नांगरावरच. होडीच्या.

तुम्ही म्हणाल, बारामतीत कुठला समुद्र? समुद्र नाही, पण शेजारच्या इंदापूर तालुक्यात उजनीचं पाणी आहे. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. भिगवण, कुंभारगावला आपण फ्लेमिंगो बघायला होडीत बसतो ना, तेच पाणी. याच पाण्यात २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगाव आणि कळाशीच्या मध्ये वादळी वाऱ्यात एक बोट उलटली. सहा जण गेले. तेव्हापासून होडीत पाय ठेवला की मी आधी लाइफ जॅकेट बघतो, मग नांगर.

नांगर कशाला? इंजिन बंद पडलं की वारा होडीला आडवं करतो. मग लाटा बाजूने आदळतात, पाणी आत येतं आणि होडी कलंडू शकते. पुढच्या टोकाला बांधलेला नांगर तळात रुतला, तर होडी वाऱ्याकडे तोंड करून राहते आणि लाटा कापते. मागच्या टोकाला मात्र कधीच बांधायचा नाही. ती बाजू बसकी असते, त्यात इंजिनचं वजन. लाट सरळ आत!

आता खरी गंमत. बऱ्याच जणांना वाटतं, नांगर म्हणजे नुसतं वजन. म्हणून दोराला दगड बांधतात, नाहीतर सिमेंट भरलेला डबा. पण पाणी प्रत्येक वस्तूला वर ढकलतं. आपल्याकडचा ३० किलोचा काळा दगड पाण्यात साधारण २० किलोचाच भरतो. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. दगड घसरत जाणारच.

मग धरतं कोण? मराठीत उत्तर शब्दातच आहे. नांगर! शेतातला नांगर जड असतो म्हणून जमिनीत जातो का? नाही. फाळ टोकदार असतो, तिरका असतो आणि ओढ पुढून असते. जितकं ओढाल तितका तो माती धरतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्री टेलर यांनी १९३३ मध्ये होडीसाठी हुबेहूब नांगराच्या फाळासारखा नांगर बनवला. नाव सीक्यूआर. पटकन म्हणून बघा, इंग्रजीतलं ‘सिक्युअर’ ऐकू येतं!

पण नुसता चांगला फाळ असून भागत नाही. बैल अगदी जवळ जुंपले तर ओढ वर जाते आणि फाळ उथळ चालतो. इथेही तसंच. दोर आखूड असेल तर ओढ वरच्या दिशेने लागते आणि नांगर उपटून निघतो. म्हणून दोर खोलीच्या पाच ते सात पट सोडायचा. सात पट सोडला तर तळाशी कोन जेमतेम ८ अंशांचा राहतो. तीन पटच सोडला तर १९ च्या पुढे जातो. नांगराजवळ दोन-तीन मीटर साखळी लावली की तिच्या वजनाने ओढ आणखी आडवी होते, आणि तळाच्या दगडांवर दोर घासत नाही.

उजनीत यातच एक मेख आहे. उन्हाळ्यात धरण ‘मायनस’मध्ये जातं, पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं. पावसाळ्यात तेच पाणी शून्य टक्क्यांवरून शंभरवर गेलं की पातळी जवळपास ६ मीटर चढते. म्हणजे धरण शून्य टक्क्यांवर असताना ३ मीटर खोल असलेल्या जागी १५ मीटर दोर पुरला असेल, तर धरण भरल्यावर तिथेच ४५ मीटर लागेल. होडी तीच, जागा तीच, दोर मात्र तिप्पट.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. नांगर म्हणजे वादळावरचा उतारा नाही. आभाळ भरून आलं, वारा सुटला, तर होडी काठावरच बरी. लाइफ जॅकेट अंगात हवं, सीटखाली नको. पुढच्या वेळी भिगवणला गेलात की फोटो काढायच्या आधी नावाड्याला एवढंच विचारा: “दादा, नांगर आहे का? आणि दोर किती आहे?”

भेटू पुढच्या भागात!