उद्यम नोंदणी फुकट आहे, तरी पैसे का मोजता?

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात घरी मसाले करून विकणाऱ्या ताई असोत की लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या गाळ्यात लेथ चालवणारे दादा, त्यांना पहिला सल्ला मिळतो तो असा: आधी कंपनी काढा, नाहीतर धंदा बेकायदा. हे खरे नाही. एकट्याच्या मालकीच्या धंद्याला कंपनी म्हणून नोंद लागतच नाही. ज्या गोदरेजमुळे विक्रोळी ओळखली जाते, त्यांचा कुलपांचा धंदा १८९७ साली लालबागला सुरू झाला. 'गोदरेज अँड बॉइस' ही कंपनी नोंदली गेली १९३२ मध्ये. आणि कंपनी काढायचीच असेल, तर किमान एक लाखाच्या भांडवलाची अट २०१५ पासून उरलेली नाही.

खरी लूट होते ती उद्यम नोंदणीत. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली केंद्राची सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीची ही नोंदणी पूर्णपणे मोफत आहे. आधार आणि पॅन एवढ्यावर ती होते, कोणताही कागद अपलोड करावा लागत नाही आणि नूतनीकरण नावाचा प्रकारच नाही. तरीही सरकारी वाटावीत अशी खासगी संकेतस्थळे दीड-दोन हजार उकळतात, वर्षभराने 'रिन्यूअल'साठी फोनही करतात. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' नसेल, तर तिथे आधार क्रमांक टाकूच नका.

ही नोंदणी फक्त कर्जासाठी, हाही अपुरा समज. मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या गाळेवाल्याची उधारी महिनोन्‌महिने अडकते. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. नोंदणी मात्र माल देण्याआधी झालेली हवी. किराणा दुकानदारांनाही २०२१ पासून उद्यममध्ये नोंद करता येते, पण त्यांना लाभ मिळतो तो बँककर्जातल्या प्राधान्याचा. थकबाकीचे हे संरक्षण त्यांना नाही.

उद्यम म्हणजे परवाना नव्हे, हे मात्र पक्के ध्यानात असू द्या. घरगुती मसाल्यालाही अन्न सुरक्षा नोंदणी लागते. मोजकेच कामगार असलेल्या दुकानाला शॉप अ‍ॅक्टखाली फक्त सूचना द्यावी लागते. जीएसटी पहिल्या दिवसापासून सगळ्यांनाच लागत नाही: राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला साधारणपणे वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत सूट आहे. माल राज्याबाहेर विकायचा असेल, तर बहुतेकदा आधीच नोंदणी करावी लागते.

राहिला नावाचा प्रश्न. कंपनीचे नाव मंजूर झाले किंवा उद्यम प्रमाणपत्रावर छापून आले, म्हणून पुडीवरचे नाव आपल्या मालकीचे होत नाही. त्यासाठी ट्रेडमार्कचा वेगळा अर्ज करावा लागतो. ऑनलाइन अर्जाची फी मालाच्या प्रत्येक वर्गासाठी ९,००० रुपये आहे. एकट्या व्यक्तीला आणि छोट्या उद्योगाला ४,५००. दोघी मैत्रिणींनी भागीदारीत धंदा केला असेल, तर ही निम्मी फी मिळवायला तेच मोफतचे उद्यम प्रमाणपत्र जोडायचे.