वर्तुळ मोजणारा फोन

जॉर्डनची राजधानी अम्मान येथे ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संघटनेच्या रुग्णालयात इराक, सीरिया आणि येमेनमधील युद्धजखमींवर पुनर्रचनात्मक शस्त्रक्रिया होतात. जुन्या जखमांतून हाडापर्यंत पोचलेला जंतुसंसर्ग तेथे अनेकदा नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नाही, त्यामुळे कोणते औषध चालेल हे आधी तपासून घेणे भाग पडते. या तपासणीचे वाचन फोनवर, तेही इंटरनेटविना, करणारे ‘अँटिबायोगो’ हे अ‍ॅप याच संघटनेच्या फाउंडेशनने विकसित केले.

तपासणी मात्र जुनीच आहे. रुग्णाच्या नमुन्यातून वेगळे केलेले जीवाणू सलाइनमध्ये कालवून त्या द्रावाचा गढूळपणा ०.५ मॅकफार्लंड या ठरावीक प्रमाणाशी जुळवतात, तो कापसाच्या बोळ्याने म्युलर-हिंटन अगारच्या, म्हणजे जीवाणूंना पोसणाऱ्या जेलीच्या, ४ मिलिमीटर जाड थरावर सारवतात आणि वर औषध भिनवलेल्या कागदी चकत्या ठेवतात. युरोपीय मानकानुसार या टप्प्यांमध्ये प्रत्येकी १५ मिनिटांहून अधिक वेळ जाऊ द्यायचा नसतो. ३५ अंशांच्या उबेत सुमारे १८ तासांनी थाळीभर पांढुरकी साय धरते आणि औषध प्रभावी असेल तर चकतीभोवती तिच्यात स्वच्छ वर्तुळ उरते. त्याच्या व्यासावरून जीवाणू औषधाला दबतो की नाही, हे ठरते.

चकतीचा व्यास ६ मिलिमीटर असतो हे ठाऊक असल्याने छायाचित्रातील तीच फोनची मोजपट्टी होते. तरी व्यास मोजणे हा या कामाचा सोपा भाग म्हटला पाहिजे, कारण पट्टी हाती असलेला तंत्रज्ञही तो मोजू शकतो. स्टॅफिलोकॉकसच्या थाळीवर एरिथ्रोमायसिनच्या बाजूला क्लिंडामायसिनचे वर्तुळ चपटे होऊन रोमन ‘डी’सारखे दिसले, तर व्यास पुरेसा असूनही क्लिंडामायसिन फसण्याचा धोका असतो, कारण जीवाणूत दडलेला प्रतिकार एरिथ्रोमायसिनने जागा केलेला असतो. हा आकार ओळखायला अनुभवी सूक्ष्मजीवतज्ज्ञ लागतो, आणि अशा खुणांबद्दल अ‍ॅप तंत्रज्ञाला नेमके विचारते. त्याचे खरे मोल येथे आहे.

२०२१ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या अ‍ॅपचे स्वयंचलित वाचन हाताने केलेल्या मोजणीशी ९८ टक्के, तर रुग्णालयातील प्रमाणित यंत्राशी ९० टक्के जुळले. परंतु द्राव दाट झाला तर वर्तुळे आकसतात, पातळ झाला तर फुगतात, आणि फोन ती चुकीची वर्तुळेही तितक्याच काटेकोरपणे मोजतो. ही चूक पकडण्यासाठी ज्याची वर्तुळे किती यावीत हे आधीच माहीत आहे, अशा प्रमाण जीवाणूची थाळी नियमितपणे लावावी लागते, आणि ती तंत्रज्ञालाच लावावी लागते.